सोपी गाणी

"आई, एक बोलायचं होतं," योशिको म्हणाली.

आम्ही ओसाकातल्या एका गाण्याच्या दुकानाच्या दारात उभ्या होतो. मी दुकान म्हणते, पण ते दुकान नव्हतं. पाचमजली इमारत, आत ओळीनं लहान लहान खोल्या, आणि प्रत्येक खोलीत कोणीतरी दार लावून गात होतं. तिथे कॅराओके असंच असतं. खोली तासावर भाड्यानं घ्यायची, आपल्याच माणसांत बसायचं आणि गायचं. योशिकोनंच ही जागा सुचवली होती. हॉटेलात गर्दी असते, घरी बोलावणं तिला अवघड होतं. "इथे बोलायला लागत नाही, आई. मिओला पण बरं," असं तिनं फोनवर सांगितलं होतं.

"बोलू की," मी म्हटलं. "आधी गाणी. मी तयारी करून आलेय."

योशिकोच्या मागून एक उंच, सडपातळ मुलगी माझ्याकडे बघत होती. डोळे अभिरामचे. पुण्यातून गेली तेव्हा माझ्या मांडीवर बसून वरणभात खायची आणि घरभर मराठीत भांडायची. नाव मिओ, पण आम्ही तिला मिऊ म्हणत होतो. आता बारा वर्षांची झाली होती आणि तिला मराठीतला एकच शब्द येत होता.

"आजी," ती म्हणाली आणि कमरेत वाकली.

मला तिला पोटाशी धरायचं होतं. पण वाकलेल्या मुलीला पोटाशी कसं धरणार? मीही वाकले. पदर सावरला. आत गेलो.

अभिराम माझा एकुलता एक. चाकणच्या कारखान्यात इंजिनिअर होता. योशिको तिथे दुभाषी म्हणून आली, मग माझी सून झाली. माझ्याकडून पुरणपोळी शिकली, मराठी शिकली, माझ्याशी जमवून घेतलं. जमवून घेणं तिलाच जास्त लागलं, हे मी मान्य करते. मिऊ पाच वर्षांची असताना अभिराम बॅडमिंटन खेळता खेळता कोर्टवर पडला तो उठलाच नाही. वर्षभरानं योशिको लेकीला घेऊन माहेरी गेली. मी अडवलं नाही. तिचे आईवडील तिकडे, इथे काय होतं तिचं? आधी दर रविवारी फोन यायचा. मिऊची मराठी हळूहळू आटत गेली, तसे फोनही आटले. पडद्यावर दोघी एकमेकींकडे बघून हसायचो आणि हात हलवायचो. मग तेही महिन्या-दोन महिन्यांनी. मग योशिकोनं कळवलं, ती पुन्हा लग्न करतेय.

मी तिला मनापासून शुभेच्छा दिल्या. आणि त्याच आठवड्यात जपानच्या सहलीचे पैसे भरले.

सहल आपल्या मराठी मंडळींचीच होती. सकाळी उपमा, रात्री पिठलं-भात, बसमध्ये अंताक्षरी. ओसाकात एक दुपार खरेदीसाठी मोकळी होती. तेवढी मला पुरेशी होती. मला एकच गोष्ट विचारायची होती: दर मे महिन्यात मिऊला पुण्याला पाठवशील का? पंधरा दिवस, आठ दिवस, काहीही. तेवढं पदरात पडलं की बाकीचं मी करणार होते. मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावरही कॉलनीतली मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात. मूल समोर बसलं की मला घाई नसते. आठ दिवसांत मी तिला पुन्हा मराठी बोलायला लावली असती.

पण आधी तिनं माझ्यापाशी यायला हवं होतं. म्हणून गाणी.

केतकी माझी जुनी विद्यार्थिनी. जपानी शिकून ती एका कंपनीत मशिनची माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत आणायचं काम करत होती. जपान मात्र तिनं तेव्हा पाहिलं नव्हतं. मी तिला घरी बोलावून सांगितलं, "मला जपानी गाणी हवीत. सोपी. चाल संथ, शब्द थोडे."

"बालगीतं घेऊ या, बाई?"

"ती आता बारा वर्षांची आहे. बालगीतं म्हटली तर हसेल मला. तिच्या वयाला आवडतील अशी हवीत. तारुण्याची. उमलत्या वयाची."

केतकीनं फोनवर शोधलं. तारुण्यावरची सोपी जपानी गाणी, कॅराओकेत नवख्यांनी म्हणावीत अशी. त्याच्या भल्या मोठ्या याद्या तयारच होत्या.

"हे बघा. 'उन्हाळ्याच्या रात्री तुझा हात...'"

"प्रेमबिम नको."

"बाई! तारुण्याची गाणी, आणि प्रेम नको?"

"आजीनं नातीसमोर काय म्हणायचं ते मला ठरवू दे. प्रेमाची सगळी काढून टाक."

ती हसत हसत काढत गेली. यादीत थोडीच उरली. त्यांतली तीन मी निवडली. निवडली म्हणजे, बघताक्षणी मला ती माझीच वाटली. शाळेतल्या मुलांनी गायलेली होती ना! मोठा हॉल, पांढरे शर्ट घातलेली मुलं ओळीत उभी, प्रत्येकाच्या छातीवर कागदाचं फूल. स्वच्छ उच्चार, सावकाश चाल. काही मुलींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बघ, किती जीव लावून गातात," मी केतकीला म्हटलं. "आपल्याकडे स्नेहसंमेलनात कोणी असं गातं का?"

केतकीनं शब्दन् शब्द समजावून दिला. पहिलं गाणं शाळेच्या उतारावरून सायकल सोडण्याचं, पाठीवर वारा असण्याचं. दुसरं वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाचं. तिसरं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत गोड: पुढे जा, मागे वळून बघू नकोस, मी इथून हात हलवतेय, तू कुठेही असलीस तरी आभाळ एकच आहे.

"वा," मी म्हटलं. "मुलांना असंच सांगायला हवं."

मुलांना शिकवते तशीच मी स्वतःला शिकवत गेले. रोज एक ओळ. आधी टाळ्यांवर ठेका, मग नुसते सूर, मग शब्द. संध्याकाळच्या वर्गातली मुलंही ऐकून ऐकून म्हणायला लागली. माझ्या वर्गाची एक सवय आहे: मी जे मोठ्यानं म्हणेन ते मुलं मागोमाग म्हणतात. कविता असो, पाढा असो, नाहीतर मी नुसतं "अरे देवा" म्हटलेलं असो. अख्खी टोळी "अरे देवा" म्हणते.

आणि केतकीकडून एक वाक्य वेगळं पाठ केलं होतं. गोगात्सु नि पुणे नि किते कुरेमास का? मे महिन्यात पुण्याला येशील का? हे आधी मिऊला विचारायचं, तिच्या भाषेत. ती हो म्हणाली की मग योशिकोला.

खोलीत लालसर रेक्झिनचा सोफा होता, भिंतीवर मोठा पडदा, टेबलावर डफासारखं घुंगरांचं एक वाद्य. मिऊनं बाहेरच्या यंत्रातून माझ्यासाठी हिरवंगार सरबत आणलं. ते इतकं गोड होतं की मी एकाच घोटानंतर ग्लास बाजूला ठेवला. ती ते बघून गालात हसली. अभिरामसारखीच, डाव्या बाजूनं.

"आई, आधी थोडं बोलू?" योशिको पुन्हा म्हणाली. ती सोफ्याच्या कडेवर बसली होती, पर्स मांडीवर धरून. "लग्नानंतर आम्ही लांब जाणार. खूप उत्तरेला. मिओचं आडनाव पण बदलणार. नवीन बाबा चांगले आहेत. म्हणून मला..."

"अगं, चांगलंच आहे. मला आनंद आहे. बोलू आपण सगळं. मला आधी गाऊ दे, नाहीतर इतकं पाठ केलेलं विसरेन."

मी तिला पहिल्या गाण्याचं नाव सांगितलं. तिनं माझ्याकडे चमकून पाहिलं.

"हे, आई?"

"हेच. का, नाही का मिळत?"

"मिळतं." तिनं पाटीसारख्या यंत्रावर नाव टाकलं. "सगळ्यांना माहीत आहे हे."

"मग उत्तम."

मी उभी राहिले. साडी नेसलेली म्हातारी हातात माइक घेऊन सायकलच्या उताराचं गाणं म्हणतेय, हे बघून मिऊ आधी तोंडावर हात ठेवून हसली. हसू दे, मला तेच हवं होतं. मग तिनं ते घुंगरांचं वाद्य उचललं आणि ठेका धरला. गाणं संपल्यावर यंत्रानं गुण दाखवले. फार काही नव्हते. मी कपाळावर हात मारून घेतला. "नापास!" योशिकोनं तिला सांगितलं असावं, कारण मिऊ खळखळून हसली आणि म्हणाली, "आजी, जोझु!" छान म्हटलंस, असा त्याचा अर्थ.

दुसरं गाणं लावलं तेव्हा तिनं वाद्य हातात घेतलं, पण वाजवलं नाही. मांडीवर तसंच धरून ऐकत राहिली. तिनं आईला हळूच काहीतरी विचारलं. योशिकोनं नुसती मान हलवली. मला वाटलं, माझे उच्चार चुकताहेत म्हणून विचारतेय. मी आणखी सावकाश, आणखी स्पष्ट गायले.

तिसऱ्या गाण्याचं नाव सांगितलं तेव्हा योशिकोचे डोळे भरले.

"आई, नक्की?"

"नक्की. हे तर मी मुद्दाम शेवटी ठेवलंय."

ते गाणं मी पडद्याकडे न बघता म्हटलं. पाठच होतं. मिऊकडे बघून म्हटलं. पुढे जा, मागे वळून बघू नकोस. 'मी इथून हात हलवतेय' या ओळीला मी खरोखरच हात हलवला. कवितेला हावभाव केले की मुलांना ती लवकर कळते. मिऊ रडायला लागली. आवाज न करता, ताठ बसून. मी तिच्या भाषेत गायले होते आणि माझी नात रडत होती. इतक्या वर्षांत मुलांपर्यंत काहीतरी पोहोचल्याचा तो क्षण मी पुष्कळदा अनुभवला होता, पण असा कधीच नाही.

गाणं संपलं. मिऊ उठली, आईकडून यंत्र घेतलं आणि स्वतः एक गाणं टाकलं. पाय जुळवून, हात अंगाला चिकटवून उभी राहिली. आमच्या शाळेत मुलं प्रतिज्ञेला उभी राहतात तशी. आणि माझ्याकडे बघून गायली. मला एक शब्द कळला नाही. आवाज पातळ होता, दोनदा फुटला, पण ती थांबली नाही. मग तिनं टेबलावरचे पातळ कागदी रुमाल घेतले, एकावर एक ठेवून घड्या घातल्या, केसांचं रबर काढून मधोमध बांधलं आणि एकेक पदर उलगडत फूल केलं. माझ्या खांद्यावरची पिन तिनं काढली, फूल माझ्या छातीशी पदरावर लावलं आणि इतकी खाली वाकली की तिचे केस गुडघ्यांना टेकले.

आता मात्र मी तिला पोटाशी धरलीच.

त्याच वेळी भिंतीवरचा फोन वाजला. वेळ संपत आली की खालून तसा फोन करतात. योशिको "हाय, हाय" म्हणाली, म्हणजे जपानीत हो, हो, आणि तिनं फोन ठेवला.

माझं वाक्य जिभेवर होतं. गोगात्सु नि. पण मी विचारलं नाही. माझा जन्मभराचा एक नेम होता: ज्या दिवशी तास रंगतो त्या दिवशी गृहपाठ द्यायचा नाही. डोळ्यांत पाणी असलेल्या मुलीला लगेच 'मग येशील का' म्हणून विचारणं मला सौदा केल्यासारखं वाटलं. आणि विचारायचं तरी काय राहिलं होतं? तिनं फूल लावलं होतं मला. मे महिन्याचं फोनवर बोलता आलं असतं.

"तुला काहीतरी बोलायचं होतं ना?" मी योशिकोला म्हटलं.

तिनं डोळे पुसले. "आता नको, आई. मला सांगता येत नव्हतं. किती दिवस झोप नव्हती. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. तुम्ही स्वतः सांगितलं."

"गाण्यात सगळं येतं गं," मी म्हटलं.

"हो. गाण्यात सगळं येतं." तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि वाकून माझ्या पाया पडली. लग्नानंतर सणासुदीला पडायची तशी.

स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. मिऊ फाटकातून आत गेली. मी हात हलवत उभी होते, ती वळेल म्हणून. ती भराभर चालत गेली, पाठ ताठ, आणि एकदाही वळली नाही. जिन्याशी योशिको तेवढी थांबली, वाकली. मग दोघी दिसेनाशा झाल्या.

लाजली असेल, मला वाटलं. रडवेला चेहरा दाखवायचा नसेल.

फूल पदरावर तसंच ठेवून मी बसमध्ये चढले. सहलीतल्या बायकांना सगळं रंगवून सांगितलं. पुण्यात आल्यावर केतकीला सांगितलं. योशिकोचा एक निरोप आला, मराठीत: "आई, सगळ्यासाठी आभार. मिओ तुम्हाला विसरणार नाही." तो मी कॉलनीत सगळ्यांना वाचून दाखवला.

त्यानंतर काही आलं नाही.

रविवार गेले. मी केलेले फोन नुसते वाजत राहिले, मग तो नंबरच बंद झाला. पत्र पाठवलं, ते परतही आलं नाही आणि त्याला उत्तरही आलं नाही. मे महिना आला, गेला. मी पुन्हा पुन्हा ती दुपार आठवून बघत होते, कुठे चुकलं असेल म्हणून. शेवटी माझी खात्री झाली की मी वाईट गायले असणार. वयात येणारी मुलगी. आजीची तिला लाज वाटली असेल. म्हणून मी रियाज सोडला नाही. पुन्हा कधी भेट झाली तर यंत्रानं चांगले गुण द्यायला हवेत, असं मनाशी धरून ती तीन गाणी मी रोज म्हणत राहिले. संध्याकाळची मुलं मोठी झाली, नवी आली. त्यांनाही ती पाठ झाली.

असं सहा वर्षं.

मधल्या काळात केतकी नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानला राहायला गेली. यंदा मार्चमध्ये एके सकाळी तिनं मला एक चित्रफीत पाठवली. तिच्या मुलाच्या शाळेचा हॉल, ओळीत उभी मुलं, छातीवर कागदाची फुलं. आणि माझं तिसरं गाणं.

मी चहाचा कप घेऊन बसले आणि मुलांबरोबर गायले. थोड्या वेळानं तिचा फोन आला.

"बाई, बघितलंत? तुमचं गाणं! अथर्वच्या शाळेत! मला इतकी आठवण आली तुमची..."

"बघितलं. गोड म्हटलं. पण ही मुलं कुठेही गायली की रडतात का गं?"

"नाही हो, आज शाळा संपली ना त्यांची. निरोपाचा कार्यक्रम. हे निरोपाचंच गाणं आहे. जाणाऱ्यांसाठीच म्हणतात, एरवी..."

ती थांबली. फोनमध्ये तिच्या मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"छातीवरची फुलं?" मी विचारलं.

"जे जाणार असतात त्यांना लावतात, बाई. मागे राहणारी मुलं लावतात."

तीस-बत्तीस वर्षं मी दहावीचे निरोप समारंभ केले. नववीच्या मुली दहावीच्या मुलींना गुलाब द्यायच्या. दरवर्षी मार्केट यार्डातून ते गुलाब मीच आणत होते.

"आणि बाकीची दोन?"

"बाई..."

"केतकी, मी विचारतेय."

"ती पण. तिन्ही." तिचा आवाज चिरकला. "इथे आल्यावर कळतं हे. प्रेमाची काढली की तारुण्याची जी उरतात ती हीच असतात. शाळा संपल्याची. बाई, मी तुम्हाला अर्थ बरोबर सांगितला होता हो."

"हो गं. एक शब्द चुकला नव्हता तुझा. रडू नकोस. अथर्वला माझा आशीर्वाद सांग."

मी फोन ठेवला. योशिकोला त्या दिवशी निरोपाचंच बोलायचं होतं, हे मला आता कळलं. आणि तिला ते का बोलावं लागलं नाही, तेही. एक म्हातारी समुद्र ओलांडून आली, उभी राहून एकामागून एक तीनदा म्हणाली, जा, वळून बघू नकोस. लेकरानं शहाण्यासारखं ऐकलं. आता ती अठरा वर्षांची असेल.

फूल कपाटात, अभिरामच्या फोटोपाशी आहे. रबर वितळून कागदाला चिकटलं आहे.

संध्याकाळी मुलं आली. चटईवर बसली, दप्तरं टाकली. "आजी, जपानी गाणं!" कोणीतरी ओरडलं. मी तोंड उघडलं आणि सूर काही लागेना. त्याऐवजी ते वाक्य आलं, सहा वर्षं जिभेवर राहिलेलं.

"गोगात्सु नि पुणे नि किते कुरेमास का?"

"हे कुठलं गाणं, आजी?" पुढे बसलेल्या शर्वरीनं विचारलं.

"गाणं नाही. प्रश्न आहे."

"कोणाला विचारायचा?"

मी उत्तर देण्याआधीच, नेहमीच्या सवयीनं, मागच्या रांगेनं सुरुवात केली. मग सगळ्यांनीच. उघड्या दाराकडे तोंड करून, टाळ्यांच्या ठेक्यावर, स्वच्छ, सावकाश:

"गोगात्सु नि पुणे नि किते कुरेमास का?"